बागेतल्या हळदी-कुंकवाच्या खुणा

आमच्या दाजींना रिकामं बसता येत नाही. हा गुण की खोड, यावर अक्काचं आणि माझं कधी एकमत झालेलं नाही. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण आणि दाजी तिचे यजमान. सोलापुरात भवानी पेठेत त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. यंत्रमागाच्या, विहिरीवरच्या पंपांच्या, पिठाच्या गिरण्यांच्या जळक्या मोटारी यायच्या. दाजी आतली काळी पडलेली तार उपसून काढायचे आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायचे. पुढे पेठेतले माग कमी झाले, त्यांचे गुडघेही कुरकुरायला लागले, आणि त्यांनी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. त्यानंतरचे काही महिने अक्काने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. दाजींनी घरातला मिक्सर खोलला, पंखा खोलला, शेवटी शेजाऱ्यांची चांगली चालू असलेली इस्त्री मागून आणून तीही खोलली. अक्का मला फोन करून म्हणायची, ह्यांना कुठंतरी कामाला लाव गं, पगार नसला तरी चालेल.

मी शाळामास्तरीण. निवृत्त होऊन बसले असले तरी दुसऱ्यांना कामाला लावायची सवय गेलेली नाही. पण दाजींच्या बाबतीत माझी गरज पडली नाही. माझ्या भाचीने, म्हणजे त्यांच्याच लेकीने, पुण्याहून त्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात परदेशातला एक म्हातारा समुद्राच्या वाळूत काठीला थाळी लावलेलं यंत्र फिरवत होता. धातू सापडला की यंत्र वाजायचं आणि म्हातारा वाकून वाळू उकरायचा. दाजींनी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला कोण जाणे. त्यांनी लेकीकडून कसलीशी सर्किटची पाटी मागवली, गच्चीवर प्लास्टिकचा पाइप कापला, एका जुन्या ताटाच्या काठाने तांब्याची तार गुंडाळली. मोटारीत आयुष्यभर तार भरलेला माणूस तो. त्यांना त्या ताटाभोवतीचे वेढे म्हणजे हातचा मळ. यंत्र तयार झालं तेव्हा त्यांनी ते आधी माझ्या सोन्याच्या बांगड्यांवरून फिरवलं, मग अक्काच्या खोट्या बांगड्यांवरून. दोन्हीकडे ते सारखंच किंचाळलं. अक्का म्हणाली, खऱ्या-खोट्याची पारख नाही ते यंत्र काय कामाचं?

आमच्या भागातली महापालिकेची बाग फार मोठी नाही. मधोमध हिरवळ, कडेने चालायची वाट, मुलांच्या घसरगुंड्या आणि एक बंद पडलेलं कारंजं. पण उन्हाळ्यात सोलापूर तापतं तेव्हा संध्याकाळी त्या हिरवळीवर पाय ठेवायला जागा नसते. माणसं बसली, लवंडली, पोरं कोलांट्या मारून गेली की वस्तू पडतात. किल्ल्या, पिना, पैंजणाची घुंगरं, पायातली जोडवी. दाजींनी आपलं यंत्र तिथं न्यायचं ठरवलं.

ते पहाटे, फाटक उघडल्या उघडल्या जात. गर्दी झाली की त्यांना काम सुचत नाही, हे दुकानापासूनचं. मी त्यांच्या मागोमाग फिरायला जायची, म्हणून मला सगळं जवळून बघायला मिळालं. कानाला हेडफोन लावून ते गवतावरून ताट फिरवत, इतकं सावकाश की बघणाऱ्याचा जीव जावा. आवाज आला की थांबत, ताट आडवं-उभं फिरवून नेमकी जागा धरत आणि वाकत. मग खिशातून एक छोटी डबी काढत. डबीत दोन कप्पे होते, एकात हळद आणि दुसऱ्यात कुंकू. चिमूट चिमूट गवतावर वाहत, जमिनीला हात लावून तो कपाळाला लावत आणि मगच खुरपं घालत. तीन बाजूंनी कापून गवताचा तुकडा अलगद उचलत, भाकरी फुगली का ते बघायला आपण तिची कड उचलतो तसा. खालची वस्तू काढून माती सारखी करत, गवत पुन्हा बसवून पायाने दाबत आणि वर बाटलीतलं पाणी शिंपडत. दोन दिवसांनी ती जागा शोधायला सांगितली असती तर त्यांनाही सापडली नसती. वर राहायचा तो फक्त पिवळा-तांबडा ठिपका.

मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा खूप हसले. म्हटलं, सोड्याच्या बाटलीच्या बुचासाठी एवढी पूजा?

"मेव्हणीबाई," ते म्हणाले, "बूच हाय का सोनं हाय ते मागनं कळतंय. जिमीन तर आदीच कापावी लागती की. तिला न इच्यारता कसं कापायचं?"

दाजी मंगळवेढ्याकडचे. काळ्या रानाचा माणूस. त्यांच्या वडिलांनी हळद-कुंकू वाहिल्याशिवाय कधी रानात नांगर घातला नाही, आणि मुलाने शहरात येऊन महापालिकेच्या हिरवळीत खुरपं घालतानाही ती रीत मोडली नाही. मी चिडवायचे, पण मनातून मला ते फार आवडायचं. आपल्यातले कितीजण एखाद्या गोष्टीला हात घालण्याआधी असे थांबतात?

सापडायचं काय, तर बहुतेक कचरा. बुचं, खिळे, चॉकलेटची चांदी. तो सगळा ते पिशवीत भरून घरी आणायचे, कारण अनवाणी खेळणाऱ्या पोरांच्या पायात खिळा जातो. चांगल्या वस्तू निघाल्या की बागेतल्या मावशींकडे द्यायचे. या मावशी बागेत ठेकेदाराकडून कामाला होत्या. फाटक उघडणं, झाडलोट, झाडांना पाणी घालणं हे त्यांचं काम. घरी तेलुगू बोलणाऱ्या, विणकरांच्या घरातल्या. आधी वर्षानुवर्षं विड्या वळायच्या. तंबाखूच्या धुरळ्याने छातीत खोकला बसला आणि डॉक्टरांनी सांगितलं की तंबाखूपासून लांब राहा, नाहीतर माझ्याकडे येऊ नका. म्हणून हे उघड्या हवेतलं काम त्यांनी धरलं होतं, आणि खोकला खरोखरच कमी झाला होता. किल्ली सापडली की मावशी ती सुतळीने फाटकाच्या गजाला बांधून ठेवत. ज्याची असेल तो सोडून नेई. कुणी सोडवली हे कुणी विचारत नसे. दाजींनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की माझं नाव कुणाला सांगू नका, लोकं गोळा होतात. मावशी बरं म्हणाल्या होत्या.

असं सगळं सुरळीत चालू असताना वेळ अमावस्या आली. आमच्या भागात त्या दिवशी घरदार शेतावर जातं. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची खोप करून पूजा करतात आणि भज्जी, उंडे, आंबील असं जेवण बांधावर बसून जेवतात. अक्का आणि दाजी चार-आठ दिवस राहायचं म्हणून गावी गेले. जाण्याच्या आधी दाजींनी बागेतला एक पट्टा पुरा करायचा चंग बांधला होता, त्यामुळे हिरवळीवर ठिपकेच ठिपके होते. त्यात कुण्या रिक्षावाल्याने अमावस्येचं लिंबू-मिरची काढून नेमकं फाटकाशी टाकलं.

सकाळी फिरायला येणाऱ्यांत ट्रॅकसूट घालणारे एक गृहस्थ आहेत. माणूस वाईट नाही. बागेतले दिवे लागले ते त्यांनी कचेरीत घातलेल्या खेट्यांमुळे. पण त्यांना कुठलीही गोष्ट स्वतःपाशी ठेवता येत नाही. त्यांनी ठिपक्यांचा आणि लिंबाचा फोटो काढून फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, बागेत गुप्तधनासाठी अघोरी प्रकार, सर्वांनी सावध राहावे. दुपारपर्यंत कुणीतरी आठवण काढली की किल्ल्यातून एक भुयार निघतं ते याच बागेखालून जातं. संध्याकाळी त्या भुयारात मोहरांचे रांजण आले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या शेजारणीने मला अगदी खात्रीने सांगितलं की बाहेरगावची टोळी उतरली आहे आणि तिला लहान मूल लागतं. त्या संध्याकाळी बागेत एकही पोर दिसलं नाही. झोके रिकामे लोंबकळत होते. आणि ती हळद कुणाची आहे हे मला पक्कं ठाऊक होतं.

पुढच्या सकाळी फाटकाशी पंधरा-वीस माणसं जमली होती आणि मध्ये मावशी पाण्याचा पाइप हातात घेऊन उभ्या होत्या. ठेकेदारही आला होता. तो विचारत होता की फाटक तू उघडतेस, तर तुझ्यानंतर पहिलं आत कोण येतं? मावशी काहीच बोलेनात. त्याने पुन्हा विचारलं. मावशींनी पाइपाची गाठ सोडवायला घेतली. मागून कुणीतरी म्हणालं, गप्प आहे म्हणजे हिचाही वाटा असणार. माझं डोकंच फिरलं. मी पुढे होऊन सांगितलं की हे करणी-बिरणी काही नाही, जमिनीला हळद-कुंकू वाहायची शेतकऱ्यांची साधी रीत आहे, आणि शिकल्यासवरल्या माणसांनी असं घाबरणं शोभत नाही. ट्रॅकसूटवाल्या गृहस्थांनी विचारलं, मग बागेत शेत कुणाचं आहे, बाई? लोक हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

ठेकेदाराने जाताना सांगितलं की उद्या सकाळी उद्यान विभागाचे साहेब येणार आहेत. त्यांच्यासमोर नाव सांगायचं, नाहीतर कामावर यायचं नाही.

सगळे पांगल्यावर मी मावशींना नळाजवळ गाठलं. म्हटलं, अहो, सांगून टाका की नाव. दाजींना राग येणार नाही, उलट तेच म्हणतील की बरं केलंत. मावशी म्हणाल्या, काकांनी सांगू नका म्हटलं होतं आणि मी बरं म्हटलं. मी म्हणाले, ते साध्या गोष्टीसाठी होतं, आता तुमच्या पोटावर आलंय. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली.

"बरं म्हटलं म्हणजे म्हटलं, बाई," त्या म्हणाल्या. "साहेबांनी काढलं तर विड्या हायतच की वळायला."

विड्या म्हणताना त्यांनी हात छातीवर ठेवला होता. ते बहुधा त्यांनाही कळलं नसेल. मला मात्र तिथं उभं राहवेना. ज्या माणसाचं नाव झाकायचं तो ना त्यांच्या नात्यातला, ना गोतातला. आणि झाकायचं कशासाठी, तर सहज बोलता बोलता दिलेल्या शब्दासाठी. मला मावशींचा अभिमानही वाटला आणि रागही आला.

घरी येऊन दाजींना फोन लावला. गावाकडे रेंजची बोंब, दिवसभर लावून शेवटी रात्री लागला. मी सगळं सांगितलं, आणि माझं मतही सांगितलं की तुम्ही दोन दिवस तिकडेच थांबा. लोकांची डोकी तापली आहेत, गुप्तधन म्हटलं की माणसं मारायला उठतात. मी इथलं बघते. दाजींनी एकच विचारलं, बाईनं नाव सांगितलं का? मी म्हटलं, नाही सांगितलं. मग बरं म्हणाले आणि फोन ठेवला. अक्काने नंतर सांगितलं की ते जेवणाच्या ताटावरून तसेच उठले आणि सकाळची पहिली गाडी किती वाजता आहे ते विचारायला फाट्यावर गेले.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी भाषणाची तयारी करून बागेत गेले. साहेब तरुण होता, शर्टच्या बाह्या दुमडलेला, जरा गोंधळलेला. ठेकेदार, ट्रॅकसूटवाले गृहस्थ, त्यांचं मंडळ, आणि कालच्यापेक्षा दुप्पट माणसं. मावशींनी त्या दिवशी धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मी घसा साफ केला आणि तेवढ्यात फाटकातून दाजी आत आले. पहिल्या गाडीने सोलापूर, तिथून घरी, आणि घरून यंत्र खांद्यावर टाकून थेट बागेत. पायातल्या चपलांना अजून रानातली काळी माती होती. लपवालपवी नाही, घाई नाही. दुकानात गिऱ्हाइकासमोर मोटार ठेवावी तसं त्यांनी यंत्र साहेबांसमोर बाकावर ठेवलं.

"साहेब, नमस्कार. ह्या खुणा माझ्या हायत. हळद माझी, कुकू माझं, खुरपं बी माझंच."

एकदम गलका झाला. दाजींनी तो होऊ दिला. मग त्यांनी रीत समजावून सांगितली, वडिलांचं सांगितलं, यंत्र कसं चालतं ते सांगितलं. साहेबाने आपली किल्ली गवतात टाकली आणि यंत्र फिरवायला लावलं. ते वाजलं तेव्हा मागची पोरं पुढे आली. एकाने विचारलंच, मग रांजण कुठे आहेत? दाजींनी बरोबर आणलेला पत्र्याचा डबा बाकावर पालथा केला. कुणीच न्यायला आलं नाही म्हणून मावशींनी त्यांच्याकडे परत दिलेल्या वस्तू त्यात होत्या. पिना, बटणं, घुंगरं, शाळेचे बिल्ले, एक तुटकं घड्याळ आणि एक चांदीचं जोडवं. गुप्तधनाला घाबरून दोन दिवस बागेकडे न फिरकलेल्या बायका आता त्या ढिगावर वाकल्या, आणि एकाच जोडव्यावर दोघींनी हक्क सांगितला. त्यांची चांगलीच जुंपली. साहेब तोंड फिरवून हसत होता. मला वाटलं, सुटलो.

पण ठेकेदार सोडायला तयार नव्हता. तो म्हणाला, ते सगळं ठीक, पण या बाईला ठाऊक होतं आणि तिने लपवलं. उद्या खरा चोर आला तरी लपवील. आता सगळे दाजींकडे बघायला लागले. त्या क्षणी ट्रॅकसूटवाल्या गृहस्थांनाही आपण काय करून बसलो ते उमगलं असावं. ते दाजींना अगदी मऊ आवाजात म्हणाले, तुम्ही काही त्यांना यंत्राचं सांगितलं नसेल, त्यांना वाटलं असेल की फिरायला येतात. तसं असेल तर तसं सांगा, विषय इथेच मिटेल. वाट मोकळी करून दिली होती. एक हो म्हणायचं होतं. मीसुद्धा दाजींकडे बघून जोरजोरात मान हलवत होते. मावशी खाली बघत होत्या.

"न्हाय," दाजी म्हणाले. "बाईंना समदं ठावं हुतं. मीच म्हणलो हुतो, नाव सांगू नका. त्यांनी शबुद पाळला. साहेब, शबुद पाळणाऱ्या माणसाला कामावरनं काढणार, मग फाटकाची किल्ली देणार कुणाला?"

जोडव्यावरून भांडणाऱ्या बायकाही भांडण सोडून वळून बघायला लागल्या. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी चष्मा पुसत बसले. इतकी वर्षं मी या माणसाला मिक्सर खोलणारा म्हणून चिडवत आले होते. खोटं बोलून मावशींना वाचवणं सोपं होतं. त्यांनी मावशींचं गप्प बसणं हेच त्यांच्या बाजूने उभं केलं.

साहेबाने ठेकेदाराला बाजूला घेतलं. परत आला तेव्हा त्याने सांगितलं की बाई कामावर राहतील. पण बागेत यापुढे असलं यंत्र आणायचं नाही, आणि कुणीही, कशासाठीही जमीन उकरायची नाही. हिरवळीखालून दिव्यांची केबल गेली आहे, पाण्याच्या नळ्या आहेत. शिवाय सार्वजनिक जागेत जमिनीखाली काही जुनं निघालंच तर ते सरकारचं, त्याला कुणी परस्पर हात लावायचा नाही. आज एका भल्या माणसाचं यंत्र आहे, उद्या ही बातमी ऐकून पहार घेऊन येणारे येतील. तेव्हा फाटकावर बाईंनी येणाऱ्या प्रत्येकाची पिशवी बघायची. यंत्र पुन्हा आत दिसलं तर मात्र मी काही करू शकणार नाही, असं त्याने मावशींकडे बघून सांगितलं.

दाजींनी विचारलं, कुणाची फार मोलाची वस्तू हरवली तर? साहेब म्हणाला, त्यांनी कचेरीत सांगावं, आमची माणसं शोधतील. दाजी बरं म्हणाले. मग म्हणाले, जमीन तुमची आहे, तुम्हाला विचारायचं राहून गेलं, ही चूक माझी.

परत जाताना मी वाटभर तोंड वाजवत होते. जमिनीची परवानगी घेणाऱ्या माणसाला बंदी, आणि हिरवळीवर गाड्या चढवून वाढदिवसाचे केक कापणाऱ्यांना मोकळं रान! कुत्री याहून मोठे खड्डे करतात. नियम करायचा तर खोदून खड्डा तसाच सोडणाऱ्यासाठी करा. दाजींनी मला बोलू दिलं. मग म्हणाले की ती केबल फार वर आहे. कारंज्याच्या बाजूला तर वीतभरही खाली नाही. यंत्र तिच्यावरून गेलं की वेगळाच आवाज येतो. एकदा खुरपं तिच्या शेजारी गेलं होतं तेव्हा आपल्यालाच घाम फुटला. आपला हात विजेत मुरलेला, पण आपलं बघून उद्या दुसरा कुणी खुरपं घेऊन आला तर? नियम बरोबर आहे, असं त्यांनी सांगितलं. स्वतःवर आलेल्या बंदीची अशी बाजू घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझा राग काही गेला नाही.

त्यांना वाईट मात्र वाटलं होतं. घरी आल्यावर त्यांनी यंत्राचं ताट कापडाने पुसलं, तार सुटली नाही ना ते बोटाने चाचपून बघितलं आणि ते माळ्यावर ठेवून दिलं. अक्का दोन दिवसांनी गावाहून आली. तिने माळ्यावर बघितलं आणि एकही टोमणा न मारता चहा ठेवला. त्यावरून घरात काय हरवलंय ते कळत होतं. आता शेतावर जाताना ते यंत्र घेऊन जातात. तिथं बांधाबांधाने औजारांचे जुने खिळे निघतात, पण बागेतल्या पहाटेची सर त्याला नाही, हे ते स्वतःच सांगतात.

बागेत या बंदीचा फलक लागला त्याच्या दुसऱ्या सकाळी दाजी नेहमीच्या वेळेला फिरायला निघाले. मी बरोबर होते. नको जाऊ या म्हणून मी वाटेत दोनदा तरी म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. फाटकाशी मावशी उभ्या होत्या. लोक आत जात होते आणि मावशी कुणाचीही पिशवी बघत नव्हत्या. आयुष्यभर खाली मान घालून काम केलेली बाई, ती ट्रॅकसूटवाल्यांना पिशवी उघडा म्हणून कशी सांगणार? आत फिरणाऱ्यांतल्या एकाने ठेकेदाराला हे कळवायचा अवकाश, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. दाजींना बघून त्या बाजूला झाल्या आणि त्यांनी हात जोडले.

दाजी आत गेले नाहीत. त्यांनी खांद्यावरची कापडी पिशवी काढून मावशींपुढे धरली. मावशी दचकून मागे सरकल्या. काका, तुमची काय बघायची, म्हणाल्या. मागे रांग लागली होती, सगळे बघत होते. या माणसाला चोरासारखं सगळ्यांसमोर झडती द्यायला उभं राहिलेलं मला बघवेना. मी त्यांचा हात धरून मागे ओढला.

"सोडा मेव्हणीबाई," ते म्हणाले, आणि पिशवीचं तोंड मावशींसमोर आणखी रुंद केलं. "बाई, माझीच पैली बघा. माझी बघितली की मग समद्यांची बघता येती."

मावशींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पदर खोचला आणि पिशवीत हात घातला. शाल, पाण्याची बाटली, भाजलेल्या शेंगांची पुडी. एकेक वस्तू त्यांनी वर काढून बघितली आणि होती तशी आत ठेवली. मग मान ताठ करून त्या म्हणाल्या, जावा आत. दाजी गेले. त्यांच्या मागे माझा नंबर होता. मी काही न बोलता माझी पर्स उघडली. पर्समधलं सगळं खालपर्यंत बघून होईस्तोवर माझ्या मागून चेन सरकवल्याचा आवाज आला. मी वळून बघितलं. ट्रॅकसूटवाले गृहस्थ आपली पिशवी उघडून, दोन्ही हातांत धरून रांगेत उभे होते.